पासवर्ड कोणाला सांगू नका, पण तुम्ही घरचेच!

सोसायटीच्या आवारात वायफाय आणायचं ठरलं की पहिली सभा वायफायवर होत नाही. ती वायफाय कोणाकोणाला द्यायचं नाही यावर होते. वेग किती, यंत्र कुठलं, केबल कुठून न्यायची, हे प्रश्न ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात ढकलले जातात. आमच्या पुण्यातल्या सोसायटीतही वेगळं काही झालं नाही. भाडेकरूंना द्यायचं का? ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्यांना द्यायचं का? रेंज समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेली तर टपरीवाल्याकडून काही घ्यायचं का? सगळ्यांची मतं ऐकून झाल्यावर ठराव झाला की पासवर्ड फक्त सभासदांना मिळेल आणि बाहेर कोणालाही सांगणाऱ्याला दंड होईल. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, विरोधात हात एकही नाही. पाण्याच्या टँकरवरसुद्धा आमच्याकडे इतकं एकमत कधी झालेलं नाही.

गरज मात्र खरी होती. घरोघरी वायफाय असतं, पण ते भिंतींच्या आत. आवारात संध्याकाळी बाकावर बसणारी ज्येष्ठ मंडळी, गेटवर मोबाइलच्या ॲपमधून पाहुण्यांची नोंद करणारा वॉचमन, तळघरातल्या पार्किंगमध्ये फोन वर धरून रेंज शोधत फिरणारा कुरिअरवाला, आणि गणपतीत मांडवातली आरती अमेरिकेतल्या मुलाला लाइव्ह दाखवणाऱ्या काकू, या सगळ्यांना आकाशाखाली नेट हवं होतं.

तीन कोटेशन्स मागवून झाली, तिन्ही महाग ठरली आणि मग चौथ्याच माणसाकडून डबा आला. याला आउटडोअर ॲक्सेस पॉइंट म्हणतात; आमच्याकडे तो पहिल्या दिवसापासून ‘डबा’च. खोक्यावर ‘आयपी ६७’ असं छापलेलं होतं. त्यातला ६ धुळीचा आणि ७ पाण्याचा. आत धुळीचा कणही शिरणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला तरी बिघडणार नाही, असा त्याचा अर्थ. “पण आपण बुडवणार कशाला?” हा खजिनदारांचा प्रश्न. जूनमधला आडवा पाऊस खिडकी बंद असताना त्यांच्याच हॉलमध्ये कसा येतो, याची आठवण करून दिल्यावर ते गप्प बसले. या दोन आकड्यांत कबुतरांसाठी अंक नाही, ही खरी उणीव. पुण्यात घराबाहेर कुठलीही वस्तू लावली की तिच्यावर कबूतर बसणार हे धरूनच चालावं.

आता तो लावायचा कुठे? चेअरमनसाहेबांचं म्हणणं, गच्चीवर. तिथेही पाण्याच्या टाकीवर पाइप उभा करून त्याच्या टोकाला. “जितका उंच तितकी रेंज लांब, आकाशवाणीचा मनोरा पाहिला नाहीत का?” डबा लावायला आलेला मुलगा हळूच म्हणाला, “साहेब, बाग खाली आहे.” पण पोरसवदा माणसाने चेअरमनला सांगायचं आणि चेअरमनने ऐकायचं, ही पद्धत सहकारी चळवळीत अजून आलेली नाही.

मुलगा बरोबर सांगत होता. उभ्या दांडीच्या अँटेनातून लहरी सगळीकडे सारख्या पसरत नाहीत. पाइप मधोमध उभा आणि त्याच्याभोवती भलामोठा मेदूवडा, असा त्यांचा आकार असतो. वडा चहूबाजूंना पसरतो, पण पाइपच्या थेट वर आणि थेट खाली भोकच. जास्त ताकदीचा, म्हणजे जास्त डीबीआयचा अँटेना घेतला की वडा आणखी चपटा होऊन लांब जातो आणि खालचं भोक अधिकच मोठं होतं. दिव्याखाली अंधार ही म्हण रेडिओलहरी माहीत नसताना आपल्याकडे कशी तयार झाली कोण जाणे! सातव्या मजल्याच्या वर लावलेल्या आमच्या डब्याखालच्या बाकांवर एकही कांडी दिसेना. समोरच्या सोसायटीत मात्र, जिच्याशी आमचं पार्किंगवरून बोलणं बंद आहे, सगळ्या कांड्या फुल्ल.

मधल्या अंतरावर आणखी एक गंमत. कांड्या पूर्ण, पण व्हिडिओ फिरतोय तो फिरतोच आहे. कारण सोपं आहे. डब्यात ताकद भरपूर असते. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५ मध्ये विनापरवाना खुला केला तेव्हा ४ वॉटपर्यंत मुभा दिली. फोनची बॅटरी एवढीशी, त्याचा आवाज क्षीण. डबा गच्चीवरून ओरडतो ते फोनला ऐकू येतं. फोन जे पुटपुटतो ते गच्चीपर्यंत पोचत नाही. कांड्या एवढंच सांगतात की वरचा साहेब काय म्हणतोय ते तुम्हाला ऐकू येतंय. तुमचं त्याला ऐकू जातंय का, हे त्या सांगत नाहीत. सोसायटीच्या कारभाराची ज्यांना सवय आहे त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी डबा खाली आला. पहिल्या मजल्याच्या उंचीवर, बागेकडे तोंड करून. तिथेही निसर्ग आडवा आला. रेंजची पाहणी झाली एप्रिलमध्ये. तेव्हा आवारातला गुलमोहर जवळपास निष्पर्ण होता, त्यामुळे सिग्नल आरपार जाऊन पलीकडच्या बाकापर्यंत छान मिळाला. मे महिन्यात फुलं आली, जूनमध्ये पालवी दाटली, त्यावर पाऊस पडला आणि पलीकडचा बाक नेटमधून गेला. या लहरी पाणी शोषून घेतं, आणि ओलं पान म्हणजे पाणीच. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी, ज्या घराबाहेर मोकळेपणाने वापरायला २०१८ मध्ये ऐसपैस पट्टा मिळाला, त्या वेगाला चांगल्या. पण झाडापुढे आणि भिंतीपुढे त्या लवकर हात टेकतात. पत्र्यातून तर कोणत्याच जात नाहीत. बाकांवर ऊन लागू नये म्हणून दानशूर सभासदाने स्वखर्चाने पत्र्याची शेड बांधून दिलेली असेल, तर आभाराचा ठराव करण्यापूर्वी डबा शेडच्या आत घ्यावा.

केबलचा किस्सा वेगळाच. वीजखात्यातून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे आहेत. एकाच केबलमधून नेटही जातं आणि डब्याला लागणारी वीजही जाते, यावर त्यांचा विश्वास बसेना. “डेटा आणि करंट एका वायरीत? आमच्या वेळी असं केलं असतं तर मेमो मिळाला असता.” प्रत्यक्षात खालच्या पेटीतून साधारण ४८ व्होल्ट त्याच तांब्याच्या जोड्यांवरून वर जातात आणि डब्याजवळ वेगळा प्लग लागत नाही. लांबी मात्र १०० मीटरच्या आत हवी. आणि तारा खरोखर तांब्याच्या हव्यात. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त केबल बाजारात भरपूर मिळते. कोटेशनमध्ये ती सर्वांत कमी दराची असते आणि म्हणून मंजूर होते. काकांनी चाकूने तार खरवडून आतला पांढरा रंग सर्वांसमोर दाखवला, तेव्हा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना ‘साहेब’ म्हणालं.

घरातली राखाडी केबल बाहेर उन्हात टाकली की दोन-तीन उन्हाळ्यांत तिचं साल तडकतं. म्हणून बाहेर ऊन सोसणारी काळी केबल लागते. ती डब्यात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यायचा. पाणी केबलवरून ओघळत झोळाच्या तळाशी येतं आणि तिथून खाली टपकतं, डब्यात जात नाही. आमच्याकडे रंगकाम करायला आलेल्या माणसाने तो झोळ ‘ढिला’ समजून छान ताणून पट्टीने बसवला. पहिल्या पावसात पाणी सरळ आत. वळवाच्या पावसात वीज कडाडते, त्यासाठी अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर लागतो हे काकांनी न विचारता सांगितलं आणि या एका बाबतीत सगळ्यांनी निमूट ऐकलं. विजेला पुण्यात अजून थोडा मान आहे.

एवढं झाल्यावर बारसं. चेअरमनसाहेबांची इच्छा, नाव मराठीत हवं आणि नोंदणीत आहे तसं पूर्ण हवं. पण वायफायच्या नावाला जागा ३२ बाइट्सची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. म्हणजे दहा चिन्हांत मराठी संपली. सोसायटीचं नाव राहू द्या, निदान ‘सहकारी गृहनिर्माण’ एवढं तरी बसवा, असा आग्रह झाला. ‘सहकारी गृहन’ इथवर आलं आणि जागा संपली. मग ‘बाग’ ठेवलं. पासवर्डात तर मराठी अक्षरं चालतच नाहीत, तिथे आठ ते त्रेसष्ट इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं लागतात.

पासवर्ड म्हणून पहिली सूचना आली ती सेक्रेटरींच्या मोबाइल नंबरची. “सगळ्यांकडे सेव्ह आहे, विसरायचा प्रश्नच नाही.” मराठी घरांतले निम्मे पासवर्ड या एका वाक्यातून जन्माला आले असावेत. आपल्याकडचा मोबाइल नंबर दहा अंकी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. सगळे मिळून ४०० कोटी नंबर होतात. आकडा ऐकून ऊर भरून येतो. पण फोन वायफायला जोडला जातो त्या वेळचं आपसातलं बोलणं कोणीही हवेतून टिपून घरी नेऊ शकतो आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड घरबसल्या सेकंदाला दहा-वीस लाख पासवर्ड लावून पाहतं. म्हणजे सेक्रेटरींचा नंबर तासाभराचं गिऱ्हाईक. त्यापेक्षा एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावेत: कढीपत्ता, टेम्पो, अष्टमी, चिमटा असे काहीतरी. माणसाला लक्षात राहतात आणि यंत्राला सुचत नाहीत. हे चार शब्द मात्र आता छापून आले, तेव्हा तुमचे तुम्ही शोधा. डबा आणि फोन नवे असतील तर डब्ल्यूपीए ३ चालू करावं. २०१८ मध्ये आलेल्या या पद्धतीत हवेतून टिपलेल्या बोलण्यावर घरी बसून अंदाज लावता येत नाही. प्रत्येक अंदाजासाठी डब्यासमोर हजर राहावं लागतं.

खजिनदारांचा मात्र पासवर्डावर भरवसा नव्हता. त्यांनी रजिस्टर घातलं. प्रत्येक फोनला मॅक ॲड्रेस नावाचा बारा अक्षरांचा पत्ता असतो. प्रत्येक सभासदाने सेटिंगमध्ये जाऊन तो शोधायचा, रजिस्टरात लिहायचा, सही करायची आणि डबा फक्त नोंदणीकृत फोनला आत घेणार. काटेकोरपणाला तोड नव्हती. पण हल्लीचे फोन खासगीपणा जपण्यासाठी वायफायला आपला खरा पत्ता सांगतच नाहीत, बनावट सांगतात. सभासदांनी प्रामाणिकपणे खरा पत्ता लिहिला, फोनने खोटा सांगितला आणि डब्याने सर्व सभासदांना बाहेर ठेवलं. ज्याला खरंच घुसायचंय त्याला यात काही अडचण नाही. हे पत्ते हवेत उघडे फिरत असतात, कोणाचाही उचलून लावता येतो. नाव लपवून ठेवण्याची युक्तीही त्याच दर्जाची. डबा नाव सांगत नाही हे खरं, पण मग तुमचा फोनच जाईल तिथे ‘बाग आहे का, बाग आहे का’ विचारत फिरतो.

खरा धोका उघडकीला आला तो प्रिंटरमुळे. बागेतलं वायफाय, सोसायटीच्या ऑफिसातला संगणक, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी, हे सगळं एकाच जाळ्यात जोडलेलं होतं. एका संध्याकाळी ऑफिस बंद असताना प्रिंटर आपोआप चालू झाला आणि त्यातून ‘शिवरायांचे किल्ले’ हा चौथीचा प्रकल्प सर्व रंगांत बाहेर आला. बागेत बसलेल्या मुलाच्या फोनला प्रिंटर दिसला, त्याने बटण दाबलं. रायगड उत्तम छापला गेला होता. पण ज्या वाटेने रायगड आला त्याच वाटेने कॅमेऱ्याच्या पेटीपर्यंतही जाता येत होतं, आणि तिचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता: नाव ‘ॲडमिन’, पासवर्ड ‘ॲडमिन’. कोण किती वाजता कोणाबरोबर घरी आलं, हे आतापर्यंत फक्त पहिल्या मजल्यावरच्या काकूंना माहीत असायचं.

थोडं गंभीर बोलायला हवं. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीची ईमेल आली आणि तिचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत लागला. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाने ती लिहिली नव्हती. त्याचं वायफाय दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. पुढच्या महिन्यांत आलेल्या अशा मेलचा माग मुंबईतल्या आणखी उघड्या वायफायपर्यंत गेला. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत फिरू लागले आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने सूचना काढल्या. सार्वजनिक जागी वायफाय द्यायचं तर वापरणाऱ्याचं ओळखपत्र घ्या किंवा त्याच्या मोबाइलवर पासवर्ड पाठवा. विमानतळावर नेट जोडताना ओटीपी येतो, त्याचं मूळ इथे आहे. पोलीस दारात येतात ते कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या. हे सभेत वाचून दाखवल्यावर शांतता पसरली, कारण आमचं कनेक्शन चेअरमनसाहेबांच्या नावावर होतं.

इतकी तयारी झाल्यावर पासवर्ड बदलला, वाढवला, बंद पाकिटातून घरोघरी दिला. आणि मग तो फुटला. हॅकरने फोडला नाही. सेक्रेटरींनी सोयीसाठी त्याचा कागद लॅमिनेट करून लिफ्टमध्ये लावला, वर ठळक मथळा: ‘फक्त सभासदांसाठी’. लिफ्टने सभासदांखेरीज कोणी जात नाही अशी त्यांची समजूत असावी. तो काढायला लावला तर दिवाळी आली, दिवाळीबरोबर जावई आले. जावयाला पासवर्ड नाकारणारा सासरा महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे. जावयाने फोनमधलं शेअरचं बटण दाबलं, चौकोनी कोड आला, तो मेहुण्याने स्कॅन केला, मेहुण्याकडून त्याच्या क्लासच्या मित्रांनी. दुसरीकडे काकू बागेत नव्या भाडेकरणीला हळू आवाजात सांगत होत्या, “कोणाला सांगू नका हं, तुम्ही घरच्याच म्हणून सांगते.” त्या बाकावर आणखी चार बायका बसल्या होत्या आणि त्याही घरच्याच.

सगळ्या आवारात पासवर्ड न सांगणारा माणूस एकच निघाला, आमचा वॉचमन. त्याला चेअरमननी सांगितलं होतं, कोणाला द्यायचा नाही. कुरिअरवाल्याने मागितला, दूधवाल्याने मागितला, एकदा तर खजिनदार स्वतःच विसरून मागायला आले. वॉचमन म्हणाला, “साहेब, आधी रजिस्टरमध्ये नाव लिहा, मग विचारून सांगतो.” खजिनदार रागावले. पण दूरसंचार खात्याच्या २००९ च्या सूचना आवारात फक्त त्यालाच कळल्या होत्या.

भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात आणि वायफायच्या बाबतीत ते अगदी शब्दशः खरं आहे. सभेत आपण कडक असतो, कारण तिथे समोर कोणी नसतं. दारात माणूस उभा राहिला की ‘नाही’ हा शब्द तोंडातून फुटत नाही. भीड न मोडता करण्याजोगं एवढंच आहे की नकाराचं काम यंत्राला द्यावं. एका डब्यातून दोन वायफाय निघू शकतात. एक ऑफिस, कॅमेरे आणि प्रिंटरचं. त्याचा पासवर्ड दोघांनाच माहीत. दुसरं पाहुण्यांचं, त्यातल्या फोनना एकमेकांचे फोनही दिसत नाहीत आणि प्रिंटरही. त्याला वेगाची मर्यादा घाला, रात्री अकराला आपोआप बंद होऊ द्या आणि पासवर्ड दर महिन्याला मेंटेनन्सच्या बिलावर नवा छापा. म्हणजे जावयाला खुशाल द्या, मेहुण्याला द्या. महिना संपला की सगळ्यांचं नातं आपोआप तुटतं आणि वाईटपणा कोणाकडेच येत नाही.

तेव्हा ज्यांच्या आवारात असा डबा आहे त्यांनी आज संध्याकाळी तीन कामं करावीत. कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ बदलावा, पासवर्ड न टाकताच फोन जोडून देणारं डब्ल्यूपीएसचं बटण सेटिंगमधून बंद करावं, आणि लिफ्टमधला लॅमिनेट केलेला कागद काढावा. सभा बोलावायची गरज नाही. सभा बोलावलीत तर कागद वर्षभर तिथेच राहील.